जाहिरातीचा कपडा अंगावर टिकला पाहिजे: विदर्भातल्या गावपातळीवरच्या उद्योगांसाठी पर्यावरणपूरक कपड्यांची निवड

खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रं, जिनिंग, दालमिल, शेतकरी उत्पादक कंपन्या नाव छापलेले टी-शर्ट आणि टोप्या वाटतात. त्यातले बहुतेक स्वस्त पॉलिस्टरचे असतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात असा कपडा अंगाला चिकटतो, घाम शोषत नाही, दोन-चार वेळा घातला की कोपऱ्यात पडतो. पॉलिस्टर पाणी पीत नसल्यामुळे त्याने धड पुसायचं कामही होत नाही. शेवटी तो उकिरड्यावर जातो नाहीतर धुऱ्यावर जळतो, आणि त्यावर छापलेलं तुमचं नावही जळतं.

म्हणून कपडा निवडताना पहिला प्रश्न धाग्याचा नसावा. हा कपडा कोण घालेल, कुठे घालेल आणि किती वेळा घालेल, हे आधी ठरवा. सेंद्रिय कापसाचा असूनही पेटीत पडून राहिलेला कपडा पर्यावरणाच्या कामाचा नाही आणि जाहिरातीच्याही नाही. धागा, रंग, छपाई आणि प्रमाणपत्र यांचा विचार त्यानंतर करायचा, आणि तो बारकाईने करायचा.

घालणारा माणूस आधी ठरवा

कागदावर तीन रकाने आखा: माणूस, काम, हंगाम. दुकानातली आणि गोदामातली माणसं रोज तोच कपडा घालणार. त्यांना प्रत्येकी एक कपडा देऊन भागत नाही. किमान दोन, जमल्यास तीन द्या, म्हणजे धुण्याची पाळी निघते. सभासद शेतकऱ्याला टी-शर्टपेक्षा पातळ सुती दुपट्टा जास्त उपयोगी पडतो. उन्हात डोक्याला, गाडीवर तोंडाला, बाजारात खांद्यावर, असा तो मार्च ते जून रोज बाहेर निघतो. दोन मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद, ६० ते ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) दुपट्टा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतो. कापड कमी लागतं, मापाची भानगड नाही, आणि बाई-पुरुष दोघांनाही चालतो.

ज्यांचा विचार जवळपास कोणीच करत नाही त्या म्हणजे वेचणीला जाणाऱ्या बाया. वावरात जाताना त्या लुगड्यावर किंवा साडीवर घरातल्या माणसाचा जुना फुल बाहीचा शर्ट चढवतात. ऊन, पऱ्हाटीच्या बोंडांची टोकं, तुरीच्या टोकदार काड्या यापासून हात वाचवायला तो लागतो. तुमचा धंदा कापसाशी किंवा तुरीशी जोडलेला असेल, तर सैल, फुल बाहीचा, दोन खिशांचा सुती शर्ट ही सगळ्यात चांगली भेट आहे. तो चिंध्या होईपर्यंत वापरला जाईल. मात्र हा शर्ट फवारणीसाठी देतोय असं कधीही सांगू नका. सुती कापड औषध शोषून घेतं आणि ते कातडीला धरून ठेवतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, हे इथल्या कोणी विसरलेलं नाही. फवारणीला वेगळे संरक्षक कपडे, मास्क आणि हातमोजेच लागतात.

पाहुण्यांच्या सत्कारासाठी चकचकीत पॉलिस्टरची शाल घेण्याचं काही कारण नाही. आरमोरी, मोहाडी, आंधळगाव या पट्ट्यातलं टसर आणि करवतकाठीचं काम आपल्याच भागातलं आहे. तो खर्च झेपत नसेल तर खादीचं उपरणं द्या. सत्काराच्या कापडावर नाव छापू नका. सोबतच्या कागदी पट्टीवर लिहा.

किमतीची तुलना नगावर न करता वापरावर करा. समजा, १२० रुपयांचा पॉलिस्टर टी-शर्ट चार वेळा घातला गेला, तर एका वापराला ३० रुपये पडले. ३२० रुपयांचा सुती शर्ट ८० वेळा घातला गेला, तर ४ रुपये. बजेट तेवढंच असेल तर नग कमी घ्या. पाचशे जणांना न आवडणारं वाटण्यापेक्षा दोनशे जणांना वापरातलं द्या.

कापड

विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. त्याला धरणाचं पाणी फारसं लागत नाही, पावसावर येतो. पाण्याच्या हिशेबात ही मोठी जमेची बाजू. पण "आपल्याकडचा कापूस" आणि "सेंद्रिय कापूस" हे एकच नव्हे. देशातल्या कापसाच्या क्षेत्रात बहुतेक सगळीकडे बीटी आहे, आणि सेंद्रिय प्रमाणीकरणात जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही. त्यामुळे विक्रेता "विदर्भाचा कापूस म्हणजे सेंद्रियच" असं म्हणाला, तर त्याच्याकडे कागद मागा.

साधारण पर्याय असे आहेत.

सेंद्रिय प्रमाणित सुती होजियरी, म्हणजे टी-शर्टचं कापड, बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतं. उन्हाळ्यासाठी साधा गोल गळा १५० ते १६० जीएसएम, वर्षभराच्या वापराला १८०, कॉलरवाला 'पिके' नावाच्या खडबडीत विणीच्या कापडाचा २०० ते २२०. २४० च्या पुढचा टी-शर्ट विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत कोणी घालत नाही. १४० च्या खालचा पारदर्शक दिसतो आणि गळा लवकर लोंबतो. धागा कोम्ब्ड आहे का ते विचारा. कोम्ब्ड धाग्यातून आखूड तंतू काढलेले असतात, त्यामुळे कापडावर लवेचे बारीक गोळे कमी येतात. बायोवॉश म्हणजे एन्झाइमने वरची लव काढणं. त्याने कापड मऊ होतं, पण जास्त झालं तर ताकद कमी होते.

खादी हातसूत आणि हातमागाची असते. वीज फार लागत नाही आणि पैसा गावात राहतो. वर्ध्याचं मगन संग्रहालय आणि गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ यांसारख्या जुन्या संस्था जवळ आहेत. खादीचा शर्ट शिवायला ३६ इंच पन्ह्यात फुल बाहीसाठी सव्वादोन ते अडीच मीटर कापड धरा. गिरणीच्या ५८ इंच पन्ह्यात तोच शर्ट १.६ ते १.७५ मीटरमध्ये निघतो. खादीचा एक ताका दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो, जाडी-बारीकी असतेच, आणि दोनशे मीटर एका रंगात हवं असेल तर दोन-तीन महिने आधी सांगावं लागतं. आठ दिवसांत खादी देतो म्हणणाऱ्याकडे ती बहुधा यंत्रमागाची असते.

मांजरपाटाला लोक हलकं समजतात, पण अ‍ॅप्रन, पिशवी, टोपी आणि वेचणीच्या शर्टासाठी हे कोरं कापड फार चांगलं. ते ब्लीच केलेलं नसतं, रंगवलेलं नसतं, म्हणजे पाण्याचा आणि रसायनांचा सगळ्यात मोठा खर्चच टळतो. त्यात सरकीचे बारीक ठिपके दिसतात, ते दोष नाहीत. अडचण एकच: कोऱ्या कापडात खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात पाच ते आठ टक्के आटतं. कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सुकवून, इस्त्री करून मगच शिवायला द्या. हे न करता शिवलेला ४२ चा शर्ट धुतल्यावर ३९ चा होतो.

"बांबूचे टी-शर्ट" हल्ली विक्रेते आग्रहाने दाखवतात, आणि गडचिरोलीचा बांबू डोळ्यांसमोर असल्यामुळे ते पटकन भावतं. बाजारातलं बहुतेक बांबू कापड हे व्हिस्कोस असतं: बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढलेला, आणि त्यात कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी रसायन वापरलेलं. बंद चक्रात रसायन परत वापरणारी लायोसेलची पद्धत त्यापेक्षा चांगली, पण महाग. गावातल्या वाटपासाठी या वाटेला जायची गरज नाही.

बाटल्यांपासूनचं पुनर्वापरित पॉलिस्टर नव्या पॉलिस्टरपेक्षा बरं. तरी धुताना सूक्ष्म प्लास्टिकचे तंतू ते सोडतंच, आणि अंगाला पॉलिस्टर ते पॉलिस्टरच. पावसाळी जाकीट किंवा सामान वाहायची मोठी पिशवी यासाठी घ्या; टी-शर्टसाठी नको. सूत-पॉलिस्टर मिश्र कापड रोजच्या गणवेशाला टिकाऊ असतं हे खरं, पण दोन धागे एकदा मिसळले की शेवटी सहजासहजी वेगळे करता येत नाहीत.

रंग: फिका, पण पांढरा नको

सुती कापडाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग देताना मीठ लागतं. काळा, गर्द निळा, मरून अशा गडद छटांना रंगाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६० ते ८० ग्रॅम मीठ पडतं, फिक्या छटेला त्याच्या निम्म्याहूनही कमी. ते मीठ कापडात राहत नाही, सांडपाण्यात जातं आणि नदीत क्षार वाढवतं. तिरुप्पूरच्या नोय्यल नदीचं हेच झालं होतं. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथले रंगाई कारखाने बंद झाले, आणि पुढे सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर काम पुन्हा सुरू झालं. म्हणून पुरवठादाराला विचारायचा एक नेमका प्रश्न: "रंगाई कुठे होते, आणि तिथे झिरो लिक्विड डिस्चार्ज आहे का?" उत्तरात कारखान्याचं नाव आलं तर पुढे बोला.

पांढरा रंग काळ्या कसदार मातीत एका हंगामात मळकट होतो आणि मग कोणी घालत नाही. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाणा भागांत, खाऱ्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही, त्यामुळे तिथे तो आणखी लवकर पिवळा पडतो. मधला मार्ग बदामी, फिका खाकी, राखाडी, पिस्ता. उन्हात तापत नाहीत, माती लपवतात, मीठही कमी लागतं.

पळसाची फुलं, हिरडा यांचे तुरटीने पक्के केलेले नैसर्गिक रंग सुंदर दिसतात. पण पळसाचा पिवळा उन्हात लवकर उडतो, आणि प्रत्येक खेपेची छटा वेगळी येते. वीस-पंचवीस भेटींसाठी जरूर घ्या. शंभर जणांच्या गणवेशाला नको.

छपाई

चांगलं सुती कापड घेऊन त्यावर प्लास्टिकचा थर चढवला, तर आधीची मेहनत वाया जाते. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

तालुक्याच्या ठिकाणी सध्या सर्वात सहज मिळते ती डीटीएफ. फिल्मवर छापून, गोंदाची पूड लावून, गरम दाबाने चिकटवतात. एक नगही करता येतो, रंग झकास येतात. पण तो प्लास्टिकचाच पापुद्रा असतो. छातीभर लावला तर त्याखाली घाम साचतो, आणि काही धुण्यांनंतर कडा उचलतात. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंगाची वाफ करून तो धाग्यात उतरवणं, फक्त पॉलिस्टरवर होतं. "सुतीवर सब्लिमेशन करून देतो" म्हणणारा एकतर कापड मिश्र देतोय किंवा वरून थर मारतोय. प्लास्टिसोल ही स्क्रीन प्रिंटिंगची नेहमीची शाई पीव्हीसीवर आधारलेली असते आणि हाताला रबरासारखी लागते.

पाण्यावर आधारित शाईची स्क्रीन छपाई सुतीला सगळ्यात योग्य. शाई धाग्यात मुरते, हात फिरवला तर जाणवत नाही. ती करून घेताना चार गोष्टी सांभाळा.

१. कापड फिकं ठेवा. गडद कापडावर ही शाई दिसत नाही, मग खाली पांढरा थर द्यावा लागतो आणि तो जाड होतो.

२. रंग एक किंवा दोन. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते. चार रंगांचा लोगो असेल तर एका रंगातली आवृत्ती करून घ्या.

३. शाई पक्की होण्यासाठी साधारण १५० ते १६० अंश तापमानाला दोन-तीन मिनिटं उष्णता मिळाली पाहिजे. नुसती उन्हात वाळवलेली छपाई दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात निघते, आणि तक्रार नेमकी याचीच जास्त येते. छापखान्यात क्युअरिंगचं मशीन किंवा हीट प्रेस आहे का, ते स्वतः जाऊन पहा.

४. मे महिन्यात दुपारी ही शाई फ्रेमच्या जाळीतच सुकते, अक्षरं तुटक येतात आणि कारागीर कंटाळून प्लास्टिसोलकडे वळतो. काम सकाळी लवकर किंवा रात्री करायला सांगा, आणि मधूनमधून जाळीवर पाण्याचा हलका फवारा मारायला लावा. शक्य असेल तर छपाई मे महिन्याच्या आधीच उरका.

भरतकाम कॉलरच्या टी-शर्टवर आणि टोपीवर छान टिकतं. तीन इंच रुंदीच्या छातीवरच्या लोगोला साधारण पाच ते आठ हजार टाके लागतात. १६० जीएसएमच्या पातळ कापडावर दाट भरतकाम केलं तर कापड गोळा होतं. तिथे लोगोचं फक्त नाव बाह्यरेषेत भरा, भरीव चौकोन नको.

काय छापायचं हेही टिकण्याशी जोडलेलं आहे. वर्ष, मेळाव्याचं नाव, योजनेचं नाव, नेत्याचा फोटो आला की कपड्याचं वय ठरलं. पाठभर मोबाईल नंबर असलेला शर्ट घालून कोणी लग्नाला किंवा बाजाराला जात नाही. छातीवर अडीच-तीन इंचांचा छोटा लोगो, नाहीतर बाहीवर गावाच्या नावासह एक ओळ, एवढं पुरे. देवनागरी अक्षर छापताना अर्धी व्यंजनं आणि रफार बारीक असतात; दीड सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीत ते बुजतात. अंतिम नमुना कागदावर नाही, कापडावर वाचून पहा.

प्रमाणपत्र कसं वाचायचं

जीओटीएस हे सेंद्रिय कपड्यांचं सर्वात कडक प्रमाणपत्र: "सेंद्रिय" म्हणवायला ९५ टक्के, "सेंद्रिय धाग्यासह बनवलेलं" म्हणवायला किमान ७० टक्के सेंद्रिय धागा, शिवाय रंग, सांडपाणी आणि कामगार यांच्याही अटी. ओसीएस फक्त सेंद्रिय धाग्याचं प्रमाण सांगतं, रंगाईचं काही सांगत नाही. जीआरएस पुनर्वापरित धाग्यासाठी. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे कपड्यात अपायकारक रसायनं मर्यादेपेक्षा जास्त नाहीत एवढंच. त्यावरून कापूस सेंद्रिय ठरत नाही, पण विक्रेते तसं भासवतात. खादीसाठी खादी मार्क, हातमागासाठी हँडलूम मार्क.

पुरवठादाराकडून स्कोप सर्टिफिकेटची, म्हणजे ती कंपनी प्रमाणित असल्याच्या दाखल्याची, प्रत घ्या. त्यावरचं कंपनीचं नाव बिलावरच्या नावाशी जुळतं का, मुदत संपली नाही ना, आणि वस्तूंच्या यादीत टी-शर्ट आहे का, हे तपासा. प्रमाणपत्राचा क्रमांक जीओटीएसच्या संकेतस्थळावर टाकला की खरं-खोटं कळतं. मोठ्या मालासाठी त्या खेपेचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे तोच माल प्रमाणित असल्याचा दाखला, मागा. एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रमाणित कोरा टी-शर्ट घेऊन तुम्ही गावातल्या अप्रमाणित छापखान्यात छापला, तर तयार कपड्यावर जीओटीएसचं चिन्ह लावता येत नाही. "प्रमाणित सेंद्रिय कापसाच्या कापडावर स्थानिक छपाई" असं खरं तेच सांगा.

कपड्यावर किंवा जाहिरातीत "पर्यावरणपूरक", "हरित" असे मोघम शब्द छापतानाही जपा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. दाव्यामागे पुरावा लागतो. "खादी" हा शब्दही मनाला येईल तसा वापरता येत नाही.

नमुना घरी तपासा

ऑर्डरआधी छापलेले तीन नमुने विकत घ्या. एक जपून ठेवायचा, एक धुवायचा, एक कापायचा.

जीएसएम मोजायला १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन नेमका कापा आणि सोनाराकडच्या काट्यावर तोला. ग्रॅमला शंभराने गुणा. १.६ ग्रॅम भरलं तर १६० जीएसएम. ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. १८० सांगून १५५ भरत असेल तर भाव तोडा किंवा पुरवठादार सोडा.

मग त्याच तुकड्यातले काही धागे चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं, जळत्या कागदाचा वास येतो, राख मऊ राखाडी. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी उरतो. राखेत मणी आला की कापड मिश्र आहे.

धुण्याचा नमुना ज्या पाण्यात कपडा पुढे धुतला जाणार आहे त्याच पाण्यात धुवा, म्हणजे गावच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या. आधी छाती, लांबी आणि बाही मोजून लिहा. पाच वेळा नेहमीच्या साबणाने, दगडावर घासून धुवा, उन्हात वाळवा, पुन्हा मोजा. पाच टक्क्यांहून जास्त आटला तर नाही म्हणा. शिवण बाजूला वळून पोटावर आली तर कापड तिरकं गेलंय. छपाईवर ओला पांढरा रुमाल दहा वेळा जोराने घासा. रुमालाला रंग लागला तर शाई पक्की झालेली नाही. छपाईवर कागद ठेवून गरम इस्त्री दाबा. कागद चिकटला तर ती पाण्याची शाई नसून प्लास्टिसोल किंवा तसाच प्लास्टिकचा थर आहे.

ऑर्डर

मापं अंदाजाने देऊ नका, यादी करा. यादी अशक्यच असेल तर पुरुषांच्या शंभर नगांत एस १०, एम ३०, एल ३२, एक्सएल २०, डबल एक्सएल ८ अशी विभागणी जवळपास जुळते. प्रत्येक कंपनीचा एल वेगळा असतो, म्हणून ऑर्डरवर इंच लिहा: काखेच्या एक इंच खाली सपाट मोजलेली छाती. वेचणीच्या शर्टांना मापापेक्षा दोन इंच सैलपणा जास्त ठेवा, कारण ते साडीवर घालायचे असतात.

शर्ट, टोपी, अ‍ॅप्रन शिवून घ्यायचे तर गावातल्या महिला बचत गटाला द्या. एका इंचात १० ते १२ टाके, काखेत आणि बाजूला दुहेरी शिवण, चार भोकांची बटणं आणि दोन जादा बटणं आतल्या शिवणीला लावलेली, हे लेखी द्या. पहिले दहा नग पाहून मगच पुढचं कापड कापू द्या. गटाला कापड तुम्ही विकत घेऊन द्या आणि शिलाईचे पैसे हप्त्याने द्या. भांडवल त्यांच्याकडे अडकवू नका.

लेखी करारात मंजूर नमुना, जीएसएम, रंगाचा तुकडा, छपाईची शाई, आटण्याची मर्यादा आणि तारीख यांचा उल्लेख हवा. आगाऊ रक्कम ३० ते ४० टक्क्यांवर थांबवा. "सिंगल पॉली नको" हे ठळक लिहा, नाहीतर दोनशे शर्टांबरोबर दोनशे प्लास्टिकच्या पिशव्या येतात. दहाचा गठ्ठा सुतळीने बांधून, बाहेरून एक जाड आवरण पुरतं. मृगाच्या आधी माल हवा असेल तर फेब्रुवारीअखेर ऑर्डर गेली पाहिजे. दिवाळीच्या सुमारास तिरुप्पूरचं काम काही दिवस थंडावतं, तेही धरा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. मात्र फुकट वाटलेल्या भेटीच्या कपड्यांवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. कर्मचाऱ्यांच्या गणवेशाचं गणित वेगळं आहे. म्हणून गणवेश आणि वाटपाचे कपडे यांची बिलं वेगळी घ्या आणि आपल्या कर सल्लागाराला आधीच दाखवा.

माल आला की पैसे देण्याआधी दोनशेतले वीस नग वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून काढून मोजा, मंजूर नमुन्याशेजारी ठेवा आणि दोन धुवून पहा.

वाटताना कपड्यासोबत एक वाक्य सांगा: पहिल्यांदा उलटा करून, गार पाण्यात, वेगळा धुवा. वहीत नाव आणि माप लिहून ठेवा, पुढच्या वर्षीची यादी तयार होते. पुढच्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा कपडा देण्याआधी जुना कसा आहे ते विचारा. चांगला असेल तर दुपट्टा किंवा पिशवी द्या. फाटलेले शर्ट परत आणून देणाऱ्याला नव्यावर सवलत ठेवा. छपाई पाण्याच्या शाईची असेल तर त्या शर्टांचे तुकडे त्याच बचत गटाकडून गोधडीत शिवून घेता येतात; जाड प्लास्टिकची छपाई असेल तर तेवढा भाग कापून टाकावा लागतो, आणि छातीचं सगळ्यात मोठं सलग कापड वाया जातं.